मदत हवी आहे: कौलारू घर, आजेसासऱ्यांच्या नावाचा मीटर आणि सौर संचाचे माप

सर्व जाणकारांना नमस्कार.

गोव्यातील फोंडा तालुक्यातील आमच्या वडिलोपार्जित घरावर सौर संच बसवावा, अशी चर्चा गेल्या चवथीपासून घरात चालू आहे. पैसे गुंतवण्यापूर्वी अनुभवी मंडळींचा सल्ला घ्यावा, म्हणून हा धागा काढत आहे. घर चिऱ्याचे असून छप्पर मंगळुरी कौलांचे आहे. मागच्या बाजूला स्वयंपाकघर आणि न्हाणी यांच्यावर तेवढा नंतर घातलेला स्लॅब आहे, आणि त्याच्या पश्चिमेला तीन माड आहेत, जे तोडण्याचा प्रश्नच येत नाही. घरात सासूबाई, सासरे, आम्ही दोघे आणि दोन मुले राहतो. थंडीत महिन्याला सुमारे २१० युनिट लागतात, मे महिन्यात हा आकडा ४०० च्या वर जातो, आणि वर्षाची बेरीज ३,२०० युनिटांच्या आसपास होते.

संचाचा भाव सांगायला आलेल्या गृहस्थांनी मे महिन्याचे बिल तेवढे पाहिले आणि ५ किलोवॉटचा संच सुचवला. मला हे माप मोठे वाटते, कारण आमच्या वापरातला बराच भाग मुळात टाळण्याजोगा आहे, असे मधल्या काळात माझ्या लक्षात आले आहे.

आमच्या मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि त्याच्याखाली ‘३२०० इम्पल्स’ असे छापलेले आहे, म्हणजे तो ३,२०० वेळा लुकलुकला की एक युनिट खर्च होते. एका रात्री दिवे, पंखे, फ्रीज असे सगळे बंद करून मी मीटरसमोर उभी राहिले, तरी दिवा मिनिटाला सहा वेळा लुकलुकत होता. तासाला ३६० म्हणजे जवळपास ११० वॉट. एकेक प्लग काढत गेल्यावर कळले की, यातला मोठा वाटा वीज गेल्यावर वापरायच्या जुन्या इन्व्हर्टरचा आणि त्याच्या म्हाताऱ्या बॅटरीचा आहे; तो प्लग काढताच लुकलुक मिनिटाला दोनवर आली. फरक साधारण ७५ वॉटचा, पण तो दिवसरात्र चालू राहणारा, म्हणजे महिन्याला ५४ युनिट. एक किलोवॉटचे पॅनेल दिवसाला सरासरी ४ युनिट देते हे धरले, तर जवळजवळ अर्ध्या किलोवॉटचे पॅनेल आम्ही निव्वळ या बॅटरीसाठी छपरावर चढवणार होतो. त्या बॅटरीत सारखे पाणी का घालावे लागते, याचाही उलगडा झाला.

सवयींच्या बाबतीत बोलून काही साध्य झाले नव्हते. मग मुलाने आजीला मीटरजवळ नेऊन गिझर लावल्यावर काय होते ते दाखवले. दोन किलोवॉटचा गिझर लागला की दिवा मिनिटाला शंभराहून अधिक वेळा लुकलुकतो, इतका की मोजणे कठीण. तेव्हापासून गिझर अंघोळीआधी दहा मिनिटे लावला जातो आणि लगेच बंद होतो, आणि सासूबाईंनी न्हाणीतले पाणी तापवायचे जुने भाण घासून पुन्हा चुलीवर चढवले आहे. वाडीतली चुडते (सुक्या झावळ्या) आणि सोडणे (नारळाची सालपटे) नाहीतरी पडूनच असतात. मला याचे मनापासून समाधान वाटते, कारण कोणावर सक्ती न करता हे घडले.

माझे प्रश्न असे. संचाचे माप आजच्या बिलावरून ठरवावे की सुधारलेल्या वापरावरून? जून ते सप्टेंबर या काळात आकाश भरलेले असताना उत्पादन किती घटते, आणि माडांच्या सावलीचे काय करावे? पावसात झावळी पडून तारा तुटतात आणि तासन्‌तास वीज नसते, तेव्हा हा संच घर चालवतो का? वीजजोडणी अजूनही दिवंगत आजेसासऱ्यांच्या नावावर आहे, त्यामुळे केंद्र सरकारचे अनुदान अडेल का? शेवटचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ‘आता वीज आपलीच’ असे म्हणत मुलांच्या खोलीत एसी लावण्याची भाषा घरात आत्तापासून सुरू झाली आहे. संच बसल्यानंतर वापर पुन्हा वाढू नये म्हणून आपल्यापैकी कोणी काय केले?

प्रतिसाद

ताई, आपण मीटरसमोर उभे राहून केलेले काम माप ठरवण्यापूर्वी प्रत्येक घरात व्हायला हवे. म्हापशाजवळच्या आमच्या घरावर ३ किलोवॉटचा संच आहे, त्या अनुभवावरून लिहितो.

माप वर्षाच्या बेरजेवरून ठरवा, मे महिन्यावरून नको. नेट मीटरिंगमध्ये, म्हणजे जादा वीज वीज खात्याला देऊन ती बिलात वळती करून घेण्याच्या पद्धतीत, उन्हाळ्यात जादा गेलेले युनिट पुढच्या महिन्यांत वळते होतात, त्यामुळे प्रत्येक महिना स्वतंत्रपणे भागवण्याची गरज नसते. बॅटरीचा खर्च वजा केल्यास आपली गरज वर्षाला सुमारे २,५५० युनिट उरते. २ किलोवॉटचा संच साधारण २,९०० युनिट देऊ शकतो. पावसाळ्यात उत्पादन निम्म्यावर येते, हे या सरासरीत धरलेले आहे. पंतप्रधान सूर्यघर योजनेत २ किलोवॉटला ६०,००० रुपये आणि ३ किलोवॉट किंवा त्याहून मोठ्या संचाला ७८,००० रुपये अनुदान आहे, म्हणजे पाचचा संच घेऊन अनुदान वाढत नाही. पॅनेल मात्र देशात बनवलेल्या सेलचेच लागतात.

पॅनेल कौलांवर नेऊ नका, स्लॅबवरच बसवा. चार पॅनेलना दहा-अकरा चौरस मीटर जागा पुरते, फक्त धुण्यासाठी फिरायला वाट ठेवा. पॅनेल एका माळेत जोडलेली असतात, त्यामुळे एकावर झावळीची सावली पडली तरी सगळ्या माळेचे उत्पादन खाली येते. माड पश्चिमेला आहेत, म्हणजे अडचण दुपारनंतरची आहे; प्रत्येक पॅनेलला स्वतंत्र मायक्रोइन्व्हर्टर (पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारे छोटे यंत्र) लावल्यास ती बरीच कमी होते. ठरवण्यापूर्वी डिसेंबरात दुपारी दोन आणि चार वाजता स्लॅबवर जाऊन सावली कुठवर येते ते खडूने आखून घ्या.

वीज गेली की साधा संच बंद पडतो, मग ऊन कितीही असो. तारेवर काम करणाऱ्या लाइनमनला आपल्या छपरावरून झटका बसू नये, यासाठी ती व्यवस्था असते. म्हणून एक नवी, चांगली बॅटरी ठेवावीच लागेल.

वापर वाढण्याबद्दलची आपली चिंता योग्य आहे. बिल शून्यावर आले की घराचा खरा वापर दिसेनासा होतो. आम्ही दर महिन्याच्या एक तारखेला तीन आकडे लिहितो: पॅनेलनी बनवलेले युनिट, वीज खात्याकडून घेतलेले आणि खात्याला दिलेले. पहिल्या दोहोंच्या बेरजेतून तिसरा वजा केला की घराने प्रत्यक्षात किती वीज वापरली ते कळते. शिवाय, वीज ग्राहक हक्क नियमांतील २०२३ च्या दुरुस्तीनुसार स्मार्ट मीटर बसल्यावर दिवसाच्या वेळेप्रमाणे दर लागायचा आहे, त्यात सूर्यप्रकाशाच्या तासांतला दर किमान २० टक्के कमी ठेवायचा आहे. बावीचा पंप, कपडे धुण्याचे यंत्र आणि इस्त्री दुपारी चालवण्याची सवय आत्ताच लावलेली बरी.

जोडणीवरचे नाव आधी बदलून घ्या. अर्जदाराचे आणि बिलावरचे नाव जुळले नाही तर पुढचे सगळे अडते.

धागाकर्तीचे उत्तर

आपण वेळ काढून इतके सविस्तर लिहिलेत, याबद्दल आभारी आहे. २ किलोवॉटवर आमचे एकमत झाले असून तीन आकड्यांची वही मुलीकडे सोपवली आहे. नावाचा प्रश्न मात्र वाटला त्याहून गुंतागुंतीचा आहे. घराची वाटणी झालेली नाही, आणि गोव्याच्या कायद्याने मुलींनाही समान वाटा असल्याने मुंबईचे काकासासरे आणि वास्कोच्या आतेसासूबाई या दोघांचाही घरात हक्क आहे. दोघेही संमती द्यायला तयार आहेत. निव्वळ वीजजोडणी सासऱ्यांच्या नावावर करण्यासाठी त्यांचे ना हरकत पत्र पुरते, की त्यांच्या जोडीदारांच्या सह्याही लागतात, आणि वाटणीची इन्व्हेंटरी (वारसांमध्ये मालमत्ता वाटण्याची न्यायालयीन प्रक्रिया) आधी पूर्ण करावी लागते का, हे ज्यांनी अलीकडे असे नाव बदलून घेतले असेल त्यांनी कृपया लिहावे.