मशीनवरचे किलोमीटर आणि समुद्रातले किलोमीटर

रोइंग मशीनवर (वल्हवण्याच्या व्यायामाच्या यंत्रावर) रोज 10 किलोमीटर होतात, म्हणजे समुद्रात किनाऱ्याकिनाऱ्याने बोट वल्हवत दिवसाला 30 सहज होतील, हा तुमचा हिशेब मला जरा घाईचा वाटतो. मशीनला लाटा नसतात हो! समुद्रात एक वल्हं खोल जातं तेव्हा दुसरं हवेतच फिरतं, आणि त्या हिसक्याचा हिशेब मनगटं रात्री मागतात.

आठवड्यातून एकदा तरी सलग तीन-चार तास पाण्यावर काढा, तेही सामान भरलेल्या बोटीत. फोड तळहातांना येतात तसे बुडालाही येतात, हे आधी कुणी सांगत नाही. माझा पहिला लांबचा सराव दमामुळे नाही, बसायच्या जागेमुळे आटोपला.

अंतराआधी भरती-ओहोटी बघा. सहा तासांच्या भरतीत बहुतेक किनाऱ्यांवर तिसऱ्या-चौथ्या तासाला ओढ सगळ्यात जास्त असते. तुमचा वेग 3 नॉट (1 नॉट म्हणजे तासाला 1.85 किलोमीटर) आणि समोरून 2 नॉटचा प्रवाह, तर तासभर घाम गाळून सरकाल जेमतेम 1.85 किलोमीटर. त्यात वारा प्रवाहाच्या उलटा असला की लाटा आखूड आणि उभ्या होतात. अशा वेळी भूशिराला वळसा घालायचा हट्ट नको, अलीकडेच थांबा.

उन्हाळ्यात दुपारी समुद्रावरून वारा सुटतो, म्हणून पहाटे निघालेलं बरं. उतरायच्या जागा नकाशावर आधीच खुणा करून ठेवा. लाइफजॅकेट अंगातच हवं, व्हीएचएफ, म्हणजे हातात मावणारा सागरी रेडिओ, तोही अंगावरच, मदत मागायच्या चॅनल 16 वर लावलेला. आणि चार दिवसांच्या बेताला सुट्टी सहा दिवसांची काढा.