मदत हवी आहे: क्लच सोडला तरी थारच्या विंचचा ड्रम हाताने फिरत नाही

नमस्कार मंडळी,

गाडी २०१६ ची जुनी थार, मुक्काम सावंतवाडी. मे महिन्यात एका ओळखीच्या गृहस्थांकडून वापरलेला ९५०० पौंडांचा (साधारण ४३०० किलो) १२ व्होल्टचा विंच (अडकलेली गाडी दोराने ओढून काढणारं मोटरचं यंत्र) घेतला. त्यावरचं नाव कधीच पुसलं गेलंय, त्यामुळे कंपनी विचारू नका. दोर सिंथेटिक आहे. बसवायची प्लेट इथल्याच एका फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घेतली.

जुलैत आंबोलीच्या रस्त्याला मित्राची बोलेरो बांधावरून घसरून चिखलात पोटावर बसली. मधलं अंतर जेमतेम पाच मीटर, त्यामुळे दोर फारसा सोडावा लागला नाही. ओढताना हेडलाइट मंद झाले, विंच कण्हत होता, पण गाडी निघाली. दोर गुंडाळला तो तसाच राहिला.

खंडेनवमीला विंचलाही हळदकुंकू लावू म्हणून धुवायला घेतला. विंचच्या क्लचची लिव्हर फ्री वर नेली (म्हणजे ड्रम मोटरपासून सुटा व्हायला हवा), खट्ट आवाज आला, हुक धरून ओढला तर दोर गुंडाळायचा ड्रम हलेना. मी आणि धाकटा भाऊ दोघं लोंबकळलो तेव्हा हातभर दोर आला. रिमोटवर फिरतो, पण दर फेऱ्यात एका ठरावीक जागी मंदावतो आणि घुर्र करतो.

बॅटरी ठीक आहे. डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर उसना आणून पाहिलं, तर ओझं नसतानाच १४० अँपिअर घेतोय. आधीच्या मालकाने दिलेल्या कागदावर ७० लिहिलंय. गिअरबॉक्सच्या फटीतून डब्ल्यूडी-४० (जाम झालेले भाग सोडवायचा स्प्रे) मारला, फरक शून्य. ग्रीस सुकलं असेल का? की मोटर गेली? उघडण्याआधी विचारलेलं बरं.

जुनाजीपवाला:
डब्ल्यूडी-४० आधी कपाटात ठेवा. त्याने आतलं ग्रीस पातळ होऊन वाहतं आणि पुढे ब्रेकपर्यंत गेलं तर ओझं धरायच्या वेळी विंच घसरतो. बहुतेक विंचमध्ये ब्रेक ड्रमच्या पोटातच असतो.

आता एक सोपी चाचणी. लिव्हर फ्री वर ठेवून रिमोटचं बटण सेकंदभर दाबा. ड्रम फिरला तर क्लच पुरता सुटत नाहीये. मोटर नुसतीच गरगरली आणि ड्रम जागेवर राहिला तर क्लचचा दोष नाही. आणि हो, दोराला ताण असताना लिव्हर खेचू नका. आधी थोडा दोर मोटरनेच बाहेर सोडा, मग दात आपसूक मोकळे होतात.

लाल_चिखल (धागाकर्ता):
केलं. मोटर फिरली, ड्रम ढिम्म. म्हणजे क्लच बरोबर सुटतोय. ओढून पाहिलं, तेवढाच जड.

वंगण:
मग मोटरच्या मागे लागू नका. १४० अँपिअर दिसताहेत कारण मोटरला कशाच्या तरी दाबाविरुद्ध फिरावं लागतंय, मोटर बिचारी निर्दोष. मला एकच सांगा, बसवल्या दिवसापासून ड्रम हाताने सहज फिरत होता का?

लाल_चिखल:
खरं सांगू? नाही. पहिल्यापासून जडच होता. पहिलाच विंच, मला वाटलं असाच असतो.

वंगण:
हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायला हवं होतं, साहेब!

विंचची रचना डोळ्यांसमोर आणा. एका टोकाला मोटर, दुसऱ्या टोकाला गिअरबॉक्स, मध्ये ड्रम. ही दोन टोकं दोन आडव्या सळ्यांनी, म्हणजे टाय रॉडने, एका रेषेत धरलेली असतात. तुम्ही ती प्लेटवर चार बोल्टांनी आवळता. प्लेट सपाट नसेल तर बोल्ट आवळताना दोन्ही टोकं पिळली जातात आणि ड्रम मध्येच चेंगरतो, जसा उंबरठा फुगला की दार अडकतं. दर फेऱ्यात एकाच जागी घुर्र होतंय म्हणजे तिथे ड्रम घासतोय.

बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. चारही बोल्ट अर्धा-एक फेरा सैल करा, काढू नका. लिव्हर फ्री. आता ड्रम फिरवून बघा.

घाटपांड्या:
वंगण यांना +१. शिवाय बोलेरो काढताना पूर्ण दोर ड्रमवरच होता ना? ४३०० किलो ही क्षमता ड्रमवरच्या सर्वांत आतल्या थराची. वरच्या थरावर ड्रमचा व्यास वाढतो, तशी ओढ कमी होते आणि मोटर जास्त तापते. जागा नसेल तर लांबचं झाड बघा किंवा दोर पुलीतून परत गाडीकडे आणा, मग दोर आपोआप जास्त सुटतो आणि ओढही दुप्पट मिळते. प्लेट किती मिमीची आहे? चार मिमी असेल तर त्या दिवशी ती वाकली असणार.

अवांतर: डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राने बुलबारवर (बंपरपुढे लावतात तो लोखंडी सांगाडा) कारवाई करा असं राज्यांना सांगितलं होतं. तुमचा विंच कुठे बसवलाय?

लाल_चिखल:
प्लेट चार मिमीच निघाली. (अवांतराला उत्तर: बुलबार नाही, मूळ बंपरच्या मागे प्लेट आहे.)

बोल्ट अर्धा फेरा सैल केले आणि एका हाताने ड्रम फिरला! भावाने पुन्हा आवळून दाखवला, पुन्हा जाम. पाच मिनिटं आम्ही दोघं लहान पोरांसारखे तेच करत होतो.

विंच उतरवून प्लेटवर सरळ पट्टी ठेवली आणि मागे टॉर्च धरला. ड्रायव्हरच्या बाजूच्या कोपऱ्यात दीड मिमीची फट. त्याच बाजूला वेल्डिंगची लांबलचक रेघ आहे. गरम होऊन तिथे प्लेट ओढली गेली असावी, आणि बोलेरोने उरलेलं काम केलं.

जुनाजीपवाला:
फटीत वॉशर घालून आजचं काम भागेल, पण तसं ठेवू नका. आठ मिमीची प्लेट करा. भोकं आधी पाडून घ्या, चेसिसला जोडणाऱ्या पट्ट्यांचं वेल्डिंग तुकड्या-तुकड्यांत, एकदा या टोकाला एकदा त्या टोकाला. सगळं थंड झाल्यावर पट्टी ठेवून बघा आणि मगच विंच ठेवा. बोल्ट आडवे-तिडवे, थोडे-थोडे आवळा आणि प्रत्येक फेरीनंतर ड्रम हाताने फिरवा. जड झाला की तिथेच थांबायचं.

विंच खाली उतरलाच आहे तर गिअरबॉक्सही उघडा. कोकणातली खारी हवा.

लाल_चिखल:
गिअरबॉक्स उघडला. ग्रीस काळं-पिवळं असायला हवं, ते दुधाळ पांढरं होतं, ताकासारखं. खाली चमचाभर तांबडी माती. गिअर केरोसीनने धुतले, दात शाबूत आहेत. ब्रेकला केरोसीन लागू दिलं नाही. आता कोणतं ग्रीस, किती भरू?

वंगण:
दुधाळ म्हणजे पाणी शिरलंय. गिअरबॉक्सच्या झाकणाचं गास्केट नवीन घाला. ग्रीस पाण्याने न धुतलं जाणारं मरीन प्रकारचं चालेल. जुनं पूर्ण काढा, दोन जातींची ग्रीसं एकत्र कालवू नका. दातांवर पातळ लेप पुरे. ठासून भरलं तर फ्रीमध्ये ड्रम पुन्हा जड लागेल आणि तुम्ही पुन्हा इथे धागा काढाल.

लाल_चिखल:
आठ दिवसांनी अपडेट. नवीन आठ मिमी प्लेट, नवीन ग्रीस, नवीन गास्केट. दोर दोन बोटांनी सुटतो. ओझं नसताना ७५ अँपिअर. घुर्र गेलं.

एकच धाकधूक: त्या डब्ल्यूडी-४० मुळे ब्रेक बिघडला असेल का?

जुनाजीपवाला:
हलक्या चढावर थार उभी करा, विंचचा हुक वरच्या जाड झाडाला पट्टा घालून लावा. चाकांमागे हातभर अंतरावर दगड हवेच, दोरावर ओलं गोणपाट टाका, जवळपास कुणी उभं नको. ड्रमवर निदान आठ-दहा वेढे शिल्लक ठेवून गाडी फूटभर वर ओढा आणि बटण सोडा. फेअरलीडपाशी (दोर जिथून बाहेर पडतो ती चौकट) दोरावर चिकटपट्टीची खूण करून दहा मिनिटं थांबा.

मात्र परत खाली येताना विंचवर गाडी सोडत बसू नका. आधी फूटब्रेक दाबून गाडी धरा, मग दोर सैल करा. ओझं घेऊन दोर सोडला की ब्रेक तापतो, त्याने ड्रम तापतो आणि सिंथेटिक दोर १५० अंशांच्या आसपास वितळतो, कमजोर तर त्याच्या खूप आधी होतो.

लाल_चिखल:
आज सकाळी केलं. खूण जागची हलली नाही, अर्धा तास थांबलो तरी. दोराचे पहिले दोन वेढे मात्र आतल्या बाजूला कडक, काचेसारखे लागतायत. बहुतेक जुलैतच तापला असणार. तेवढा तुकडा कापून पुन्हा बसवता येईल की पूर्ण दोर बदलू?

घाटपांड्या:
काच आली म्हणजे तंतू वितळून चिकटलेत, तो भाग गेला. ड्रमकडच्या टोकाचाच असेल आणि पुढचा दोर मऊ असेल तर कापून चालेल. सगळा सोडून बोटांनी चाचपत जा, एकही कडक जागा मधे सापडली तर नवीन घ्या.