मदत हवी आहे: साताऱ्याहून १४ जण पिंडारीला, द्वालीचा मुक्काम गाळावा का?

चारभिंती:
ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात उत्तराखंडातल्या पिंडारी हिमनदीच्या झिरो पॉइंटला, म्हणजे पायवाट संपते तिथवर, निघतोय. गोवा एक्स्प्रेसने दिल्ली, मग काठगोदाम, बागेश्वरमार्गे खाती. तंबू आणि स्वयंपाक आपलाच. रजा कमी, म्हणून मधला द्वालीचा मुक्काम गाळून खाती ते फुरकिया एका दिवसात उरकायचा बेत आहे. सगळे रोज अजिंक्यतारा चढतात, दमाचा प्रश्न नाही. चालेल का? गॅसचं काय करावं? जेवणात तूरडाळ-भात धरलाय.

यवतेश्वरघाट:
द्वाली गाळू नका. खाती साधारण २,२०० मीटरवर, फुरकिया ३,२०० वर. सोळा किलोमीटर पाय काढतील हो, पण एका दिवसात हजार मीटर वर जाऊन झोपणं अंगाशी येतं. ३,००० च्या पुढे मुक्कामाची उंची रोज ५०० मीटरच्या आत वाढवावी, असा दंडक आहे. अजिंक्यताऱ्याने मांड्या तयार होतात, विरळ हवेची सवय होत नाही. कास पठारसुद्धा जेमतेम १,२०० मीटर. द्वाली ते फुरकियाही सहाशेच्या घरात जातं, म्हणून फुरकियाला लवकर पोचा, शंभर-दीडशे मीटर वर फिरून या आणि झोपायला खाली.
डोकं दुखून मळमळलं तर तिथून वर जायचं नाही. संशय आला की टाचेला अंगठा लावत सरळ रेषेत चालायला लावा. तोल गेला किंवा बसल्याजागी धाप लागली, तर सकाळची वाट न बघता सोबत देऊन खाली उतरवा. डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) डॉक्टरांना विचारूनच. सल्फाची ॲलर्जी असेल तर आधी सांगा.

कोयनाकाठ:
गॅसचा डबा रेल्वेत नेता येत नाही, तिकडेच घ्या. नुसत्या ब्युटेनचा घेऊ नका. ब्युटेन समुद्रसपाटीला उणे अर्ध्या अंशाला उकळतं, उंचीवर आणखी थोडं खाली. त्या गारठ्याच्या आसपास त्याची पुरेशी वाफ होत नाही, डबा भरलेला असून ज्योत मिणमिणते. प्रोपेन मिसळलेला मागा. रात्री डबा स्लीपिंग बॅगेत ठेवा, सकाळी कोमट पाण्याच्या ताटलीत उभा करा. शेगडी तंबूत पेटवायची नाही, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.
फुरकियाला पाणी ८९ अंशांच्या आसपासच उकळतं. उघड्या पातेल्यात तूरडाळ तासभर रटरटली तरी दाणा दाताखाली कचकचतो, आणि गॅस संपतो तो वेगळाच. मूग किंवा मसूर न्या, पाच लिटरचे दोन कुकर, जादा रिंग आणि सेफ्टी व्हॉल्व्ह. रिंग विसरली की १४ माणसं पोह्यांवर.

चारभिंती:
तूरडाळ रद्द, द्वाली कायम. झिरो पॉइंटवरून बर्फावर उतरता येईल का?

यवतेश्वरघाट:
नाही. तिथली कड खालून पोखरून ढासळत असते, काठापासून लांब उभे राहा. हिमनदीवर दोर, क्रॅम्पॉन (बुटांना बांधायचे खिळे) आणि जाणता वाटाड्या लागतो. भेगांवर बर्फाचं पातळ झाकण असतं, वरून कळत नाही. फुरकियाहून जाऊन-येऊन १४ किलोमीटर आहेत, पहाटे पाचला निघा. दुपारी बर्फ वितळून ओढे फुगतात आणि ढगही चढतात.


कोयनाकाठ:
पाण्याची बाटली रात्री उलटी ठेवा. बर्फ वरून धरतो, सकाळी बूच मोकळं मिळतं.