पाण्यावरचा उपास, आज पाचवा दिवस. उभं राहिलं की अंधारी येतेय, सोडू की सात पूर्ण करू?

नमस्कार मंडळी, जरा लवकर सांगा, संध्याकाळपर्यंत ठरवायचंय.

मी ४१, मुलुंडला राहतो, ऑफिस लोअर परळला, बसून काम. वजन रविवारी रात्री ९१.४. सोमवार सकाळपासून फक्त पाणी, दिवसाला तीनेक लिटर, आणि सकाळी एक कप बिनसाखरेचा कोरा चहा (त्याच्याशिवाय मी लोकलमध्ये चढूच शकत नाही, तेवढं माफ करा). सात दिवस करायचं ठरवलं होतं, आज शुक्रवार.

कुठून डोक्यात आलं ते सांगतो. आमच्या समोरच्या जैन काकींनी पर्युषणात अठ्ठाई केली, आठ दिवस नुसत्या उकळलेल्या पाण्यावर, तेही सूर्य मावळायच्या आत, वय ५८, आणि पारण्याला गेलो तर बाई हसतखेळत बसलेल्या. आणि आपलं काय, तर साबुदाण्याची खिचडी, रताळ्याचा कीस, वर केळ्याचे वेफर्स, एकादशी आणि दुप्पट खाशी. मग रात्री व्हिडिओ बघत बसलो, तो स्कॉटलंडचा माणूस ३८२ दिवस जेवला नव्हता, ऑटोफॅजीवर (पेशी स्वतःतलाच कचरा खाऊन वापरतात त्यावर) २०१६ चं नोबेल मिळालंय वगैरे, म्हटलं आपल्याला सात दिवस काय जड आहेत.

मंगळवार बेक्कार गेला. डोकं ठणकत होतं आणि संध्याकाळी दादरचा ब्रिज उतरताना वडे तळल्याचा वास आला तेव्हा खरंच डोळ्यात पाणी आलं, हसू नका. बुधवारी मात्र भूक एकदम गायबच झाली, अंग हलकं, डोकं साफ, ऑफिसात तीन तासांचं काम दीड तासात उरकलं, मला वाटलं जिंकलो. काल सकाळी फास्टमध्ये घाटकोपर सोडल्यावर उभ्याउभ्या कान बंद झाल्यासारखे झाले, मग डोळ्यापुढे काळं, आणि कळलं तेव्हा मी चौथ्या सीटवर होतो, कोणीतरी उठून बसवलं होतं आणि एक काका पेपरने वारा घालत होते. रात्री ऑक्टोबर हीटमध्ये बायको एसी लाव म्हणतेय आणि मी चादर घट्ट ओढून थंडीने कुडकुडतोय. तोंडाला नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास येतो असं ती म्हणते. झोप नाही, पोटऱ्यांत गोळे येतात, आडवा झालो की छातीत धडधड आणि मध्येच एक ठोका चुकल्यासारखा वाटतो. उजव्या पायाचा अंगठा लाल होऊन ठणकतोय पण तो बहुतेक नवीन बूट चावलाय, त्याचा याच्याशी संबंध नसावा.

घरच्या मशीनवर बीपी झोपून १०४/६८, उभं राहून ८६/५८. वजन आज ८६.९, म्हणजे साडेचार किलो गेलं!! म्हणूनच सोडवत नाहीये. हे सगळं नॉर्मल आहे का, पाण्यात मीठ टाकू का, आणि रविवारी डोंबिवलीला ताईकडे मटण आहे, त्यावरच सोडलं तर चालेल का?

घामट_गडी: भावा सोडू नको, हे सगळे टॉक्सिन बाहेर पडतायत म्हणून होतंय. मी नऊ दिवस केलेत, सहाव्या दिवशी खरी मजा येते. चिमूटभर सैंधव जिभेवर ठेव.

आयसीयूवाली: एक विचारते. चाळिशीच्या माणसाच्या घरात बीपीचं मशीन कशाला आहे? गोळी चालू आहे का? पाकिटावर जेवढी नावं असतील तेवढी सगळी लिहा.

धागाकर्ता: हो, दोन वर्षं झाली. लिहायचं राहिलं. टेल्मिसार्टन आणि क्लोरथॅलिडोन, एकाच गोळीत. रोज सकाळी घेतो, आजही घेतली. तिचा जेवणाशी काही संबंध नाही म्हणून चालूच ठेवली.

आयसीयूवाली: वाटलंच मला. त्यातलं दुसरं नाव म्हणजे लघवीवाटे मीठ आणि पाणी बाहेर काढणारं औषध, त्याच्यासोबत पोटॅशियमही जातं. आता गंमत बघा, उपासात इन्सुलिन खाली येतं आणि किडनी तशीही सोडियम बाहेर टाकायला लागते, त्यामुळे पहिल्या काही दिवसांत बीपी आपोआप उतरतं. म्हणजे बादलीला खाली आधीच भोक आणि तुम्ही रोज सकाळी आणखी एक पाडताय, वरून ओतताय नुसतं साधं पाणी. उभं राहिलं की बीपी १८ ने पडतंय, त्यात गाडीत शुद्ध गेली, पोटऱ्यांत गोळे, चुकणारा ठोका. याला टॉक्सिन म्हणत नाहीत. पोटॅशियम कमी झालं की हृदयाचे ठोके बिघडतात, आणि ते मशीनवर दिसत नाही, रक्त तपासूनच कळतं. सैंधवातही जवळजवळ सगळं सोडियमच असतं, पोटॅशियम नावापुरतं.

अंगठ्याबद्दल पण सांगते. उपासात चरबी जळून तयार होणारे कीटोन वाढले की किडनीतून युरिक ॲसिड बाहेर पडायला अडथळा येतो आणि तुमची गोळीसुद्धा युरिक ॲसिड वाढवते. ते सांध्यात साठलं की अंगठा असाच लाल होऊन ठणकतो, त्याला गाऊट म्हणतात. बिचाऱ्या बुटाला शिव्या देऊ नका. आणि दुखतंय म्हणून घरातली पेनकिलर घेऊ नका, अशा कोरड्या अंगात ह्या गोळीबरोबर ती किडनीला महागात पडते.

रविवारचं मटण तर विसराच. पाच दिवस उपाशी असलेल्या शरीरात एकदम जेवण गेलं की इन्सुलिन उसळतं आणि रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम पेशींत ओढलं जातं. दुसऱ्या महायुद्धात उपासमारीतून सुटलेल्या कैद्यांना पोटभर जेवू घातलं आणि काही जण जेवल्यावर दगावले, तेव्हा हे डॉक्टरांच्या ध्यानात आलं. याला रीफीडिंग सिंड्रोम म्हणतात. ब्रिटनच्या नाईस या आरोग्य संस्थेच्या गाइडलाइनमध्ये पाच दिवसांहून जास्त उपाशी माणसाला पहिले दोन दिवस गरजेच्या निम्म्याहून जास्त खाणं देऊ नका असं आहे. तुम्ही त्या उंबऱ्यावर उभे आहात.

उद्याची गोळी घ्यायची की नाही हे मी सांगणार नाही आणि तुम्हीही मनाने ठरवू नका, पण आज संध्याकाळच्या आत डॉक्टरकडे जाऊन ईसीजी आणि इलेक्ट्रोलाइट्स (रक्तातलं सोडियम, पोटॅशियम वगैरे) करा. एकटे जाऊ नका, लोकलने तर नाहीच. पुन्हा चक्कर आली किंवा छातीत दुखलं तर सरळ कॅज्युअल्टी.

घाटकोपरची_बेन: मी जैन आहे, माझ्या सासूने मासखमण केलंय म्हणजे तीस दिवस. पण भाऊ, अठ्ठाईला बसलेलं माणूस घरात आणि देरासरात (आमच्या मंदिरात) असतं, लोक भेटायला येतात, पाय दाबतात, कोणी त्याला ८:१४ च्या फास्टमध्ये लटकवत नाही. सासूला मासखमणाच्या आधी डॉक्टरकडे नेलं होतं, तिची शुगरची गोळी त्यांनीच बदलली. आणि पारण्याला चमचा चमचा मूगनुं पाणी, तेवढ्यावर दिवस काढायचा. काकींना विचारलंत का कधी?

हिशोबनीस: साडेचार किलोचा हिशोब. एक किलो चरबीत साधारण ७७०० कॅलरी. तुम्ही दिवसाला २२०० जाळता धरू, पाच दिवसांच्या ११०००, म्हणजे सगळीच्या सगळी चरबीतून गेली तरी १.४ किलो. बाकी तीन किलो म्हणजे पाणी, रिकामं आतडं आणि थोडं स्नायूचं मांस. लिव्हर आणि स्नायूंतला ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, संपतो तेव्हा एका ग्रॅममागे तीनेक ग्रॅम पाणी सुटतं, जेवायला लागलात की ते पुन्हा भरणार. आणि तो स्कॉटिश गडी २०७ किलोचा होता, डंडीच्या हॉस्पिटलच्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली, जीवनसत्त्वं आणि पोटॅशियम घेत. ऑटोफॅजीवाल्या ओसुमींचं नोबेलचं काम यीस्टवर होतं, मुलुंडच्या माणसावर नव्हे.

घामट_गडी: माझी गोळी वगैरे काही नव्हती, ते खरंय. ह्याच्या गोळीचं माहीत नव्हतं मला.

धागाकर्ता (शनिवार): काल मेव्हण्याला बोलावलं आणि रिक्षाने गेलो. पोटॅशियम ३.१ आलं (३.५ च्या वर पाहिजे), युरिक ॲसिड ९.८. ईसीजी बघून डॉक्टर काही बोलले नाहीत, पण रात्रभर ठेवून घेतलं, सलाइन आणि पोटॅशियम लावलं, बी-वन व्हिटॅमिन दिलं. त्यांनी पहिला प्रश्न गोळीचाच विचारला. चार रात्री मी व्हिडिओ बघतोय, त्यात एकानेही विचारला नव्हता. ती गोळी बंद केलीय, परवा बीपी बघून दुसरी ठरवणार. आज सकाळी अर्धी वाटी मुगाचं कढण, दुपारी मीठ घातलेली भाताची पेज. आयुष्यात पेजेसाठी एवढा लाळ गाळत बसलो नव्हतो. ताईने मटण रद्द केलंय आणि मला फोनवर झाडलंय.

बायकोला काल संध्याकाळपर्यंत चौथ्या सीटचं सांगितलं नव्हतं. डॉक्टरांसमोर सांगावं लागलं. तेव्हापासून बोलत नाहीये, पण दर दोन तासांनी वाटी आणून ठेवते.

धागाकर्ता (पुढचा शनिवार): हिशोबनीस, आज ८९.७. पोटॅशियम ४.२. अंगठा अजून दुखतोय, बुटात पाय जात नाही, ऑफिसला फ्लोटर्स घालून जातोय.