मदत हवी आहे: हसवणारी, हलकीफुलकी फॅंटसी सुचवा ना (आणि डिस्कवर्ल्ड नेमकं कुठून सुरू करू?)

मंडळी, मदत हवीये. बरेच दिवस सलग गंभीर फॅंटसी वाचतेय, म्हणजे त्या जाडजूड कादंबऱ्या, आधी नकाशा, मग राजघराण्याची वंशावळ, आणि ज्याच्यावर आपला जीव जडतो त्याला लेखक हमखास मारून टाकतो. आवडतात मला त्या, तक्रार नाही, पण आता डोक्याला जरा आराम पाहिजे. जादू हवी, ड्रॅगनबिगन असले तर उत्तमच, पण वाचताना मधेच खुदकन हसू फुटलं पाहिजे आणि पुस्तक मिटल्यावर मूड चांगला राहिला पाहिजे, बास.

थोडं सविस्तर सांगते, नाहीतर शंभर नावं येतील आणि मी काहीच न वाचता नुसती यादी जपून ठेवेन. मला नुसती टिंगल नकोय. म्हणजे भविष्यवाणी, मंतरलेली तलवार, दाढीवाला म्हातारा जादूगार, या सगळ्याची पानोपानी खिल्ली उडवायची आणि त्यापलीकडे गोष्टच नाही, हे थोड्या वेळानं कंटाळवाणं होतं. पात्रांना त्यांची अडचण खरीच वाटली पाहिजे, हसू आपल्याला आलं पाहिजे, त्यांना नाही. नीट सांगता येत नाहीये पण कळलं असेल.

उदाहरण द्यायचं तर डायना विन जोन्सचं हाउल्स मूव्हिंग कॅसल (१९८६). सोफी शापामुळे एका झटक्यात म्हातारी होते आणि रडत बसण्याऐवजी तिला कळतं की म्हातारीला काहीही बोललेलं चालतं, मग काय, सुटतेच ती, ज्या जादूगाराला सगळे घाबरतात त्याच्या घरात घुसून साफसफाई करते आणि त्यालाच झापते. आणि हाउलच्या केसांचा रंग बिघडल्यावर तो जो तमाशा करतो, हिरवा चिकट चिखल सगळीकडे, तिथे माझी हसून हसून पुरेवाट. (सिनेमा सुंदर आहे, पण हा खट्याळपणा पुस्तकातच जास्त आहे असं माझं मत.) गुड ओमेन्स पण वाचलंय, आवडलंय. टेरी प्रॅचेटच्या डिस्कवर्ल्ड मालिकेतलं पहिलं पुस्तक, द कलर ऑफ मॅजिक, मात्र अर्ध्यात सोडलं, आणि तेव्हापासून त्या मालिकेला हात लावला नाहीये, पण सगळेच एवढं डोक्यावर घेतात त्याअर्थी काहीतरी असणार ना? कुठून सुरू करू? आणि प्रॅचेट सोडून दुसरं कोण आहे?

प्रतिसाद:
अहो, पहिल्यापासून सुरू करू नका हेच तर प्रॅचेटचे चाहते सगळ्यांना सांगत असतात! एकूण ४१ कादंबऱ्या, १९८३ ते २०१५, आणि पहिल्या दोन नेमक्या तुम्हाला नको असलेल्या जातीच्या, म्हणजे त्या काळच्या फॅंटसीची टिंगल. गोष्ट सांगणारा प्रॅचेट नंतर सापडतो. गार्ड्स! गार्ड्स! (१९८९) घ्या, डोळे झाकून. त्या शहरात चोरी कायदेशीर आहे, चोरांची रीतसर संघटना आहे, त्यामुळे पहारेकऱ्यांना काही कामच उरलेलं नाही, चोर दिसला तर ते बेताबेतानं धावतात, चुकून पकडला जाऊ नये म्हणून. अशात कॅरट नावाचा एक सहा फुटी भोळा तरुण भरती होतो, बुटक्यांनी वाढवलेला, त्याने कायद्याचं जुनं पुस्तक पाठ केलेलं असतं, आणि कायदा पाळायचा नसतो हे त्याला कोणी सांगितलेलंच नसतं. येतो आणि सरळ चोरसंघटनेच्या अध्यक्षालाच अटक करतो. तो अजिबात विनोद करत नाहीये हो, त्यालाच विनोद म्हणतात. शिवाय ड्रॅगन आहे, तुमची अट पूर्ण.

प्रतिसाद:
गार्ड्सला +१, पण माझं मत मॉर्टला (१९८७). आकाराने लहान आहे, आणि नाहीच पटलं तर फार वेळ जात नाही. साक्षात मृत्यू एक शिकाऊ उमेदवार ठेवतो, आणि काम त्याच्यावर सोपवून स्वतः माणसं मजा कशी करतात ते बघायला बाहेर पडतो, शेवटी एका खानावळीत स्वैपाकी म्हणून रमतो. मृत्यूचं बोलणं सगळं कॅपिटल अक्षरात, अवतरणचिन्हं नाहीत, आणि दोनचार पानांत तो आवाज कानात बसतो. बाय द वे, बहुतेक डिस्कवर्ल्ड पुस्तकांना प्रकरणं नसतात, त्यामुळे 'एवढं प्रकरण संपवून झोपते' हा प्लॅन विसरा.

प्रतिसाद:
ज्यांना प्रकरणं लागतात त्यांनी गोइंग पोस्टल (२००४) वाचावं, त्याला आहेत. एका ठगाला फाशी होते, म्हणजे जवळजवळ होते, आणि मग राज्यकर्ता त्याला सांगतो की बंद पडलेलं पोस्ट ऑफिस चालव, नाहीतर हे दार उघडं आहे, जा. दारापलीकडे खोल खड्डा. तो पोस्ट ऑफिस निवडतो. आत न वाटलेल्या पत्रांचे ढीगच्या ढीग, छतापर्यंत. हा माणूस आयुष्यभर लोकांना फसवत आलेला आणि आता त्याच कलेवर प्रामाणिक काम करून दाखवायचंय, आणि ते त्याला जमायला लागतं तेव्हा जी मजा येते ती मला गार्ड्समधेही आली नव्हती. मारा आता मला.

प्रतिसाद:
प्रॅचेटभक्तांनो जरा सरका, प्रश्नाचा दुसरा भाग राहिलाच. धागाकर्तीताई, जोनाथन स्ट्राउडचं द अम्युलेट ऑफ समरकंद (२००३) वाचा. लंडनमधे जादूगारांचं सरकार आहे आणि जादूगारांना स्वतःला काडीची जादू येत नाही, सगळी कामं जिन्नांना जबरदस्तीनं बोलावून करून घेतात. गोष्ट बरीचशी बार्टिमियस नावाचा पाच हजार वर्षांचा जिन्न सांगतो, प्रचंड बढाईखोर, आणि एवढ्या फुशारक्या मजकुरात मावत नाहीत म्हणून तळटीपांमधे मारतो. ई-बुकात तळटीपा पार शेवटी नेऊन टाकतात कधीकधी, मग पुढेमागे करताना पंच निघून जातो, जमलं तर कागदीच घ्या. मुलांच्या विभागात ठेवतात म्हणून सोडू नका.

प्रतिसाद:
विल्यम गोल्डमनचं द प्रिन्सेस ब्राइड (१९७३) कसं नाही आलं अजून? लेखक म्हणतो की मी एस. मॉर्गनस्टर्नच्या जुन्या कंटाळवाण्या ग्रंथातले फक्त चांगले भाग ठेवलेत, आणि मधेमधे येऊन सांगतो की इथली इतकी पानं कापली बरं का. मॉर्गनस्टर्न नावाचा कोणी नव्हताच, तीही थापच. सिनेमा बघितला असेल तरी वाचा. विन जोन्स आवडते तर डार्क लॉर्ड ऑफ डर्कहोम (१९९८) पण आहे, आपल्या जगातून पर्यटक फॅंटसीच्या सहलीला येतात आणि तिथल्या बिचाऱ्या लोकांना दरवर्षी युद्धं आणि खलनायक असं सगळं उभं करून दाखवावं लागतं, यंदा खलनायकाचं काम एका भल्या कुटुंबवत्सल जादूगाराच्या गळ्यात पडतं. फक्त मधे काही भाग बऱ्यापैकी अंधारे आहेत, 'मूड चांगला राहिला पाहिजे' म्हणालात म्हणून आधीच सांगते.

प्रतिसाद:
लेजंड्स अँड लाटेज (२०२२)? लढाया सोडून कॉफीचं दुकान काढणारी ऑर्क (फॅंटसीतली ती राक्षसासारखी लढवय्यी जमात).

प्रतिसाद:
ते गोड आहे, विनोदी नाही. उबदार पुस्तक आणि हसवणारं पुस्तक यात हल्ली सगळे गोंधळ घालतात. आणि कोणी पिअर्स अँथनीची झॅंथ मालिका सुचवायच्या आत सांगतो, ती शब्दांच्या कोट्यांवर चालते, आणि त्यातलं बायकांबद्दलचं लिखाण आज वाचवत नाही. वगळा.

धागाकर्ती:
बापरे, किती पटापट! सगळ्यांना धन्यवाद, वाचनखूण साठवली आहे. ती चोरसंघटनेची गोष्ट ऐकूनच हसले, तेव्हा आधी गार्ड्स, मग बार्टिमियस. गोइंग पोस्टलवाल्यांनी रागावू नये, तेही आहेच रांगेत. एकच शंका, गार्ड्स आवडलं तर पुढे मधली सगळी क्रमानं वाचावी लागतात का?

प्रतिसाद:
नाही हो. पहारेकऱ्यांचं पुढचं पुस्तक मेन ॲट आर्म्स (१९९३), मधे सहा पुस्तकं आहेत, सरळ उडी मारा. त्या सहांतलं स्मॉल गॉड्स (१९९२) मात्र कधीतरी स्वतंत्र म्हणून वाचा, त्याला मागचंपुढचं काही लागत नाही. एक महान देव कासव होऊन बसलाय, कारण त्याच्यावर मनापासून विश्वास असलेला माणूस एकच उरलाय, आणि तो खरबुजांच्या बागेत काम करणारा एक साधा पोरगा आहे.