सल्ला हवा: मायक्रोप्रोग्रॅम्ड १६-बिट प्रोसेसर करायचाय, अभ्यास कशाचा करू?

नमस्कार मंडळी. एफपीजीएवर (हवं ते सर्किट आत घडवता येणारी चिप) स्वतःच्या इन्स्ट्रक्शन सेटचा प्रोसेसर बांधतोय. इन्स्ट्रक्शन सेट अजून बदलतोय, म्हणून कंट्रोल युनिट मायक्रोप्रोग्रॅम्डच ठेवणार, म्हणजे कंट्रोल सिग्नल मेमरीत साठवलेल्या मायक्रोइन्स्ट्रक्शनमधून (मायक्रोकोडमधून) येतील. अडलोय ते इथे: मायक्रोइन्स्ट्रक्शन हॉरिझॉन्टल (बहुतेक सिग्नलना स्वतंत्र बिट, शब्द रुंद) ठेवू की व्हर्टिकल (सिग्नल एन्कोड केलेले, शब्द अरुंद)? आणि जुनं पण नीट उलगडेल असं कुठलं डिझाइन वाचू?

प्रतिसाद १:
एएमडीची २९०० ही चिपची मालिका घ्या, दुसरीकडे शोधूच नका. १९७५ सालची आहे, पण यापेक्षा स्वच्छ मांडणी मी पाहिलेली नाही. २९०१ ही ४ बिटांची स्लाइस (शेजारी जोडून रुंदी वाढवता येणारा तुकडा), आत १६ रजिस्टर आणि एएलयू (गणित आणि लॉजिक करणारा भाग). चार जोडल्या की तुमचे १६ बिट झाले. पुढचा मायक्रोपत्ता ठरवायला २९१० सिक्वेन्सर, १२ बिटांचा पत्ता, म्हणजे ४०९६ शब्दांपर्यंत मजल.

आता एका मायक्रोइन्स्ट्रक्शनला किती बिट लागतील याची कागदावर बेरीज करा. २९०१ च्या आज्ञेला ९ बिट (चारही स्लाइसना तेच), दोन रजिस्टर पत्त्यांना ८, सिक्वेन्सरच्या आज्ञेला ४, उडीच्या पत्त्याला १२. झाले ३३. कॅरी, कंडिशन निवड, मेमरी आणि बसचे सिग्नल धरून ४८ बिटांत सहज बसेल. एफपीजीएत एवढी रुंदी स्वस्त आहे, तेव्हा हॉरिझॉन्टलच ठेवा. जे सिग्नल एकाच वेळी कधीच लागत नाहीत तेवढेच एन्कोड करा.

प्रतिसाद २:
वरच्याशी सहमत. रुंदी वाचवायची कसरत पाहायची असेल तर मोटोरोलाचा ६८००० प्रोसेसर बघा: अरुंद मायक्रोकोड आणि त्याखाली प्रत्यक्ष कंट्रोल सिग्नल देणारा रुंद नॅनोकोड. वाचायला सुंदर, पण पहिल्या डिझाइनमध्ये नको.

माझा आग्रह वेगळा आहे. हार्डवेअरला हात लावण्याआधी मायक्रोअसेंब्लर (नावांत लिहिलेल्या मायक्रोकोडचे बिट करून देणारा प्रोग्रॅम) लिहा, पायथॉनमध्ये साधासा चालेल. फील्डची रुंदी बदलली की हाताने भरलेला रॉम पूर्ण वाया जातो, आणि ती बदलणारच.

धागाकर्ता:
दोघांचे आभार! मायक्रोकोड एफपीजीएतल्या ब्लॉक रॅममध्ये (आतली तयार मेमरी) ठेवणार, आणि तिचं वाचन क्लॉकवर होतं. मग पाइपलाइन रजिस्टर (चालू मायक्रोइन्स्ट्रक्शन धरून ठेवणारं) वेगळं लागेल का?

प्रतिसाद १:
नाही, ब्लॉक रॅमचं आउटपुटच ते काम करतं. रॅमच्या पत्त्याला सिक्वेन्सरचं आउटपुट थेट जोडा, मध्ये आणखी रजिस्टर घालू नका. फ्लॅग (निकाल शून्य आला का, कॅरी आला का अशा खुणा) मात्र रजिस्टरमध्ये धरा. म्हणजे या मायक्रोइन्स्ट्रक्शनच्या निकालावरची उडी पुढच्या मायक्रोइन्स्ट्रक्शनमध्येच घेता येईल. मायक्रोअसेंब्लर लिहिताना हे पहिल्या दिवसापासून लक्षात ठेवा.