स्पॅनिश यादवी युद्धातली जहाजं: चित्र कोणत्या तारखेचं काढायचं?

रेघोटी

सध्या स्पेनच्या यादवी युद्धातल्या (1936 ते 1939) युद्धनौकांची बाजूने दिसणारी रेखाचित्रं संगणकावर काढते आहे. प्रमाण आपल्यापैकी बरेच जण वापरतात तेच, एक पिक्सेल म्हणजे सहा इंच. या प्रमाणात 'एस्पान्या' वर्गाची 140 मीटरची युद्धनौका सुमारे 920 पिक्सेल भरते आणि 'कानारियास' ही जवळपास 194 मीटरची क्रूझर (तुलनेने हलकी, वेगवान लढाऊ नौका) 1270 च्या आसपास जाते.

काम करताना एक मत पक्कं होत गेलं, ते इथे मांडते. या युद्धातल्या जहाजांची 'बांधून पूर्ण झाली तेव्हाची' चित्रं काढणं आपण थांबवावं. प्रत्येक चित्राखाली तारीख असावी आणि चित्र त्याच तारखेचं असावं.

'एस्पान्या'चंच बघा. तीन सारख्या युद्धनौका, प्रत्येकीवर 305 मिमीच्या आठ तोफा. पहिली 'एस्पान्या' 1923 मध्ये मोरोक्कोच्या किनाऱ्यावर खडकावर चढली आणि संपली. दुसरी 'आल्फोन्सो तेरावा'. 1931 मध्ये प्रजासत्ताक आलं, राजाचं नाव नकोसं झालं आणि हिलाच 'एस्पान्या' म्हणू लागले. युद्धात ही बंडखोरांच्या, म्हणजे जनरल फ्रँकोच्या बाजूला होती. 30 एप्रिल 1937 ला सान्तान्देरजवळ ती स्वतःच्याच बाजूने पेरलेल्या सुरुंगावर आदळून बुडाली. तिसरी 'हाइमे प्रिमेरो' प्रजासत्ताकाकडे, म्हणजे सरकारच्या बाजूला राहिली. तिच्यात 17 जून 1937 ला कार्ताहेना बंदरात स्फोट झाला, तीनशेहून जास्त माणसं गेली. चित्राखाली नुसतं 'एस्पान्या' लिहिलं तर वाचणाऱ्याने कोणतं जहाज समजायचं?

'कानारियास'ची गोष्ट आणखी वाईट. युद्धात तिला एकच अवाढव्य धुराडं होतं, तिची सगळी ओळख त्यातच. 1950 च्या दशकातल्या दुरुस्तीत ते काढून दोन धुराडी बसवली. ती 1975 पर्यंत सेवेत होती, त्यामुळे पुष्कळ फोटो दोन धुराड्यांचे सापडतात. ते समोर ठेवून काढलेल्या चित्राखाली लोक सर्रास '1936' लिहितात.

तांडेल

रेघोटी, धुराड्याबद्दल सहमत. ती चूकच आहे, तिथे वाद नाही. पण त्यावरून 'मूळ रूपाची चित्रं थांबवा' इथवर उडी मारणं मला पटत नाही.

या छंदात एकाच मापाची चित्रं आपण शेजारी शेजारी ठेवतो. 'कानारियास' ही स्पॅनिश क्रूझर ब्रिटिश 'केंट' वर्गाच्या आराखड्यावरून निघाली, हे दोन चित्रं एकाखाली एक ठेवली की पाहणाऱ्याला आपोआप दिसतं. सांगाड्याचं नातं तसंच उरतं आणि वरचं बांधकाम कुठे बदललं तेही कळतं. एक चित्र 1928 च्या केंटचं आणि दुसरं ऑक्टोबर 1937 च्या कानारियासचं, त्यावर युद्धात ऐनवेळी चढवलेल्या विमानविरोधी तोफा, असं झालं तर तुलना कशाशी करायची? बांधणीचे आराखडे हा भक्कम पुरावा असतो. युद्धातल्या एखाद्या तारखेसाठी हाती येतो एखादा धूसर फोटो, तोही एकाच बाजूचा. 'एस्पान्या'चे मधले दोन टरेट (तोफा बसवलेले फिरते मनोरे) तिरपे, एक उजवीकडे आणि एक डावीकडे होते, म्हणजे दोन्ही बाजूंची चित्रं वेगळी दिसतात. फोटो उजवीकडचा असेल तर डावीकडे त्या दिवशी काय होतं ते तुम्ही कल्पनेनेच भरणार आणि खाली तारीख टाकून त्याला पुराव्याचं रूप देणार. मला हा जास्त मोठा धोका वाटतो.

जुनी_पाने

दोघांच्या बोलण्यात एक गोष्ट कुठेच आली नाही, म्हणून लिहितो. या जहाजांनी काय केलं?

फेब्रुवारी 1937 मध्ये दक्षिण स्पेनमधलं मालागा शहर फ्रँकोच्या हाती पडलं. हजारो माणसं, त्यात बायका, मुलं, म्हातारे, समुद्राकाठच्या रस्त्याने आल्मेरियाकडे चालत निघाली. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला उघडा समुद्र. त्या रस्त्यावर 'कानारियास', 'बालेआरेस' आणि 'आल्मिरान्ते सेर्वेरा' या फ्रँकोच्या बाजूच्या क्रूझरनी समुद्रातून तोफा डागल्या. कॅनडाचे डॉक्टर नॉर्मन बेथ्यून रक्त देण्याची गाडी घेऊन तिथे पोचले होते. रक्ताचं काम बाजूला ठेवून ते त्या गाडीतून माणसं वाहून नेत राहिले.

आता तीच 'कानारियास' पांढऱ्या पार्श्वभूमीवर, स्वच्छ राखाडी रंगात, एकेक खिडकी मोजून काढलेली. सुंदर दिसते हे मी नाकारत नाही, म्हणूनच त्रास होतो. तो रस्ता त्या चित्रात कुठेच नसतो. हे दूरचं युद्ध आहे, आपला काय संबंध, असंही म्हणता येणार नाही. नागपूरचे गोपाळ मुकुंद हुद्दार 'जॉन स्मिथ' या नावाने तिथे प्रजासत्ताकाच्या बाजूने लढणाऱ्या परदेशी स्वयंसेवकांच्या आंतरराष्ट्रीय ब्रिगेडमध्ये लढायला गेले होते आणि 1938 मध्ये फ्रँकोच्या सैन्याच्या हाती सापडले होते. माझ्या मते अशा जहाजांची नुसती रेखाचित्रं काढूच नयेत. काढायचीच तर पूर्ण प्रसंगचित्र काढा, त्यात किनाराही दाखवा.

मधुमालती

जुनी_पाने, तुमची कळकळ समजते, पण निष्कर्षाला माझा ठाम विरोध आहे. चित्र काढणं म्हणजे गौरव करणं नव्हे. शरीरशास्त्राच्या पुस्तकातली आकृती कुणाची आरती करत नाही.

आणि हात रक्ताने माखलेली जहाजं वगळायची म्हटलं तर या युद्धात काढायला उरेल काय? जुलै 1936 मध्ये प्रजासत्ताकाच्या बाजूने राहिलेल्या जहाजांवर खलाशांनी अधिकाऱ्यांविरुद्ध उठाव केला. तो नसता तर नौदलाचा बराच मोठा भाग फ्रँकोकडे गेला असता हे खरं, पण 'हाइमे प्रिमेरो'वर त्यात अधिकारी मारले गेले हेही तितकंच खरं. प्रेतांचं काय करायचं असा संदेश जहाजावरून आला, तेव्हा ती आदरपूर्वक समुद्रात सोडा असं माद्रिदने कळवलं. मग हिचंही चित्र नको का? प्रसंगचित्रात तर चित्रकार स्वतःची बाजू रंगवतो. आकाश काळं करायचं की निळं, हे तोच ठरवतो. बाजूच्या रेखाचित्रात ती सोय नसते, म्हणून माझा त्याच्यावर जास्त विश्वास आहे.

रेघोटी

जुनी_पाने आणि तांडेल, दोघांनाही एकाच जहाजावरून उत्तर देते.

'बालेआरेस' डिसेंबर 1936 मध्ये घाईघाईने सेवेत आली, तेव्हा तिचं काम पूर्ण झालेलं नव्हतं. आराखड्यात 203 मिमी तोफांचे चार टरेट, प्रत्यक्षात तीन. सगळ्यात मागचा टरेट बसला तो पुढे 1937 मध्ये. मालागाच्या रस्त्यावर तोफा डागणारी 'बालेआरेस' ही तीन टरेटांची होती. 6 मार्च 1938 च्या पहाटे काबो दे पालोसजवळ 'लेपान्तो', 'सान्चेस बार्काइस्तेगी' आणि 'आल्मिरान्ते आन्तेकेरा' या विनाशिकांच्या टॉर्पेडोंनी जी बुडाली, साडेसातशेहून जास्त माणसांसकट, ती चार टरेटांची.

तांडेल, 'मूळ रूप' म्हणून तुम्ही चार टरेट काढाल. आराखड्यानुसार ते बरोबर, पण फेब्रुवारी 1937 मध्ये तसं जहाज समुद्रावर नव्हतंच. आणि जुनी_पाने, मी मागची जागा रिकामी ठेवून खाली 'फेब्रुवारी 1937' लिहिलं, तर बघणारा विचारणारच की इथला टरेट कुठे गेला आणि नेमका हाच महिना का? तो रस्ता चित्रात आणायला मला किनारा रंगवावा लागत नाही. अचूकपणा सोडून दिला तर मात्र तो नक्की हरवतो.

जुनी_पाने

तीन टरेटांचा मुद्दा मला ठाऊक नव्हता आणि तो जबरदस्त आहे. तरी तुम्ही बघणाऱ्यावर फार भार टाकताय. बहुतेक जण चित्र बघतील, 'वा' म्हणतील आणि पुढे जातील. किमान दोन ओळींची टीप चित्राच्या आतच हवी. वेगळी लिहिली तर चित्र एकटंच फिरतं, टीप मागे राहते.

सागरगोटा

मला वेगळंच म्हणायचं आहे. सगळे क्रूझरवर भांडतायत. उत्तर स्पेनमधल्या बास्क प्रदेशाच्या सरकारने कॉडच्या मासेमारी ट्रॉलरवर तोफा चढवून उभी केलेली बोटींची तुकडी कोणी काढणार आहे का? 5 मार्च 1937 ला माचिचाको भूशिराजवळ 'नाबार्रा' हा असाच एक ट्रॉलर 'कानारियास'शी लढत बुडाला. याच प्रमाणात दोन्ही शेजारी ठेवा. तांडेल म्हणतात ती तुलनेची ताकद खरी तिथे दिसेल, कुठल्याही टीपेशिवाय. माशांच्या कोठाराची झाकणं, जाळं ओढायचा विंच आणि त्यांच्यामध्येच बसवलेली तोफ, हे काढायला क्रूझरपेक्षा अवघड आहे. कुणाला त्यात नाव मिळेल असं दिसत नाही म्हणून ते राहून जातं.

तांडेल

सागरगोटा, या सूचनेला माझा पूर्ण पाठिंबा. ट्रॉलरचं काम मी घेतो.

रेघोटी, 'बालेआरेस'पुरतं तुमचं म्हणणं मान्य, कारण तिथे फरक टरेटाएवढा मोठा आहे आणि पुरावाही आहे. सरसकट नियम म्हणून अजूनही नाही. रंगांचंच घ्या. त्या काळच्या पुष्कळ फिल्मवर तांबडा आणि पिवळा दोन्ही गडद उतरतात. अशा फोटोत फ्रँकोच्या बाजूचा तांबडा-पिवळा-तांबडा झेंडा आणि प्रजासत्ताकाचा तांबडा-पिवळा-जांभळा झेंडा यांत अनेकदा खात्रीने फरक करता येत नाही. बाजूच ठरवता येत नसेल तर महिना कुठून ठरवणार? शिवाय 'होसे लुइस दिएस' ही विनाशिका ऑगस्ट 1938 मध्ये जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीतून निसटण्यासाठी ब्रिटिश 'ग्रेनव्हिल'चं सोंग घेऊन निघाली होती. त्या तारखेचं अचूक चित्र म्हणजे दुसऱ्याच जहाजाचं सोंग रंगवणं. मूळ रूपाचं चित्र आधी हाताशी नसेल, तर सोंग कशावर चढवलं होतं ते बघणाऱ्याला कसं कळणार?

रेघोटी

'दिएस'ची दोन्ही चित्रं करते, एकाखाली एक. पण खालच्यावर 'ऑगस्ट 1938' असणार आणि वरच्यावरही तारीख असणारच. 'मूळ रूप' एवढंच मी लिहिणार नाही. तेही कुठल्या तरी वर्षाचंच असतं. झेंड्याबद्दल: जिथे खात्री नाही तिथे काठी रिकामी ठेवेन. जुनी_पाने, टीप चित्राच्या आत घालते, पण ती दोन ओळींत बसवायला मदत करा.

तांडेल

रिकाम्या काठीला माझा विरोध आहे. समुद्रावर निघालेलं लढाऊ जहाज झेंड्याशिवाय दाखवणं हीसुद्धा चूकच. खात्री नसेल तर ती तारीख सोडा, झेंडा सोडू नका.